सहा आठवड्यांचा ब्राझील



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून परदेशाविषयी बोलणारा माणूस बहुधा तो देश पाहून आलेला असतो. आमची स्थिती निराळी आहे. आम्ही ब्राझील पाहिलेला नाही. पुढील वर्षी एप्रिलच्या अखेरीस आम्ही पाच जण तिकडे निघणार आहोत आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परतणार आहोत. परत आल्यावर बोलू, असे आम्ही चालकांना सुचवून पाहिले. त्यांचे म्हणणे असे पडले की, परत आलेला माणूस काय पाहिले ते सांगतो. काय पाहावयाचे आणि काय सोडावयाचे हे त्याने कसे ठरविले, ते तो तोवर विसरलेला असतो. हे म्हणणे आम्हांला पटले. तेव्हा आजचा विषय प्रवासाची आखणी हा आहे.

आमच्या पाच जणांत शिरोळ तालुक्यातील एक ऊस-बागायतदार आहेत. करवीर तालुक्यातील, गोठ्यावर प्रपंच उभा केलेले एक दूध-उत्पादक आहेत. शिवाजी पेठेत वाढलेले आणि तरुणपणी एका तालमीच्या संघातून फुटबॉल खेळलेले एक गृहस्थ आहेत. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. पाचव्याकडे हिशेबाची वही आहे, आणि तोच आज आपल्यापुढे उभा आहे. पैसा जमला तो सात वर्षांच्या भिशीतून. अशी रक्कम पुन्हा जमणे कठीण. आणि जमली, तरी तोवर आमची वये थांबून राहणार नाहीत. म्हणजे या प्रवासात जे सुटेल ते आमच्या दृष्टीने कायमचे सुटणार. आखणीकडे आम्ही इतक्या गांभीर्याने पाहतो त्याचे कारण हेच.

प्रथम देशाचे आकारमान ध्यानी घ्यावे. ब्राझीलचे क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर आहे. आपल्या भारताच्या अडीच पटींहून अधिक. आणि महाराष्ट्राएवढी सत्तावीस राज्ये त्यात मावतील. लोकसंख्या मात्र वीस कोटींच्या आसपास. उत्तरेकडील बेलें शहरातून रिओ द जानेरोला विमानाने जावयाचे म्हटले, तर सरळ अंतर सुमारे २४५० किलोमीटर भरते. कोल्हापुरातून श्रीनगर याहून पुष्कळ जवळ आहे. शिवाय आपल्यासारखे आगगाड्यांचे जाळे तेथे नाही. लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या बहुतेक बंद पडल्या असून बेलो होरिझोन्ते ते व्हितोरिया यांसारख्या मोजक्याच मार्गांवर त्या उरल्या आहेत. राहिली ती विमाने, रात्रभर चालणाऱ्या बसगाड्या आणि उत्तरेत नदीवरच्या बोटी.

अशा देशाची आखणी करावयास आम्ही प्रथम बसलो, तेव्हा ज्याने त्याने आपापली यादी आणली. पाचही याद्या एकत्र केल्या. बेरीज चार महिन्यांच्या वर गेली! हाताशी आठवडे सहा. जो तो दुसऱ्याच्या यादीला कात्री लावू लागला, तेव्हा बाईंनी एक सूचना केली. त्या म्हणाल्या, “स्थळांची नावे पुसून टाका. प्रत्येकाने एकच प्रश्न लिहावा. ज्याचे उत्तर इथे कोल्हापुरात बसून मिळत नाही, असा प्रश्न.” ही सूचना फार उपयोगी पडली. स्थळे शेकडो निघतात, प्रश्न मात्र चार-पाचच निघाले.

बागायतदारांचा प्रश्न अर्थातच उसाचा. साखरेच्या उत्पादनात ब्राझील आणि भारत ही जगातील दोन अग्रेसर राष्ट्रे. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, आणि १९७५ साली ब्राझीलच्या सरकारने उसापासून मद्यार्क काढून तो मोटारींत वापरण्याची राष्ट्रीय योजना हाती घेतली. २००३ पासून तर पेट्रोल आणि मद्यार्क कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या मोटारी तेथे विकल्या जाऊ लागल्या. हे सारे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. आमच्या बागायतदारांना हवे आहे ते निराळेच. ऊसदरासाठी हंगामामागून हंगाम रस्त्यावर उतरणाऱ्या तालुक्यातला हा माणूस. साव पावलो राज्यात १९९९ पासून ऊस-उत्पादक आणि कारखानदार यांची एक संयुक्त समिती आहे. उसात साखर किती उतरते, आणि साखर व मद्यार्क बाजारात काय भावाने विकले जातात, या दोहोंवर उसाचा दर बसविण्याची पद्धत या समितीने घालून दिली आहे. काट्यावर आणि प्रयोगशाळेत शेतकऱ्याचा माणूस उभा राहू शकतो काय, दर पडला की तो काय करतो, हे त्यांना शेतकऱ्याच्याच तोंडून ऐकावयाचे आहे. तेथे उसाचा मोठा भाग कारखान्यांच्या स्वतःच्या किंवा खंडाने घेतलेल्या जमिनीवर पिकतो. आपल्या सहकारी कारखान्यांचा सभासद तेथे कोणत्या जागी बसला असता, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

दूध-उत्पादकांचा प्रश्न गाईचा. ब्राझीलमधील गोधन वीस कोटींच्या वर आहे आणि त्यातील बहुसंख्य जनावरे आपल्या वशिंडाच्या गाईंच्या वंशातील आहेत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. आंध्रातील ओंगोल जात तेथे नेल्लोर या नावाने वाढली, गुजरातची गीर तेथे गीरच राहिली, आणि कांकरेजला तेथे ‘गुझेरा’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासून १९६०च्या दशकाच्या आरंभापर्यंत ही जनावरे बोटींतून तिकडे गेली. मिनास जेराइस राज्यातील उबेराबा हे गाव या व्यवसायाचे केंद्र असून एप्रिलअखेर व मेच्या आरंभी तेथे या जनावरांचे मोठे प्रदर्शन भरते. आपल्याच गाईची निवड आणि नोंद परक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कशी ठेवली, त्या वह्या पाहावयाच्या, हा आमच्या स्नेह्यांचा हट्ट. तो रास्त आहे.

फुटबॉलविषयी या शहरात आम्ही काय सांगावे? विश्वचषकाच्या दिवसांत आपल्या पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना अशा दोन राष्ट्रांत वाटल्या जातात. कुस्तीसाठी निघालेल्या तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ उभे करावेत, हा प्रकार कोल्हापूरखेरीज क्वचितच कोठे दिसेल. परंतु आमच्या खेळाडू स्नेह्यांच्या मनात एक जुने शल्य आहे. १९५० साली विश्वचषक स्पर्धा ब्राझीलमध्ये झाली. भारताला तिच्यात जागा मिळाली होती. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात. आपला संघ गेला नाही. अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून गेला नाही, अशी गोष्ट सांगितली जाते. पण त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे ते कारण खरे नसल्याचे सांगितले. लांबचा प्रवास, सरावास थोडा वेळ, आणि विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकला दिलेले महत्त्व, अशी कारणे त्यामागे होती. आपल्या पुरुष संघाला विश्वचषकाच्या मैदानावर पाऊल ठेवण्याचा योग त्यानंतर अद्याप आलेला नाही. त्या वर्षी १६ जुलैला माराकाना मैदानावर सुमारे पावणेदोन लाख प्रेक्षकांनी तिकीट काढून अखेरचा सामना पाहिला, आणि उरुग्वेने ब्राझीलला २–१ असे हरविले. घरच्या मैदानावर असा घाव बसलेल्या राष्ट्राने आठ वर्षांत, १९५८ साली, विश्वचषक जिंकला. आणि पुढे १९६२, १९७०, १९९४ व २००२ असे आणखी चार वेळा. हे कसे घडले? पेठेतला पोर आणि राष्ट्रीय संघ यांच्यामधल्या पायऱ्या तेथे कोणी बांधल्या? आमच्या स्नेह्यांचा प्रश्न हा आहे.

बाईंचा प्रश्न पाण्याचा. ब्राझील आणि पॅराग्वे यांनी मिळून पाराना नदीवर बांधलेल्या इताइपू धरणाची वीज-क्षमता १४ हजार मेगावॅट आहे. आपल्या कोयनेच्या १९६० मेगावॅटच्या सातपट. परंतु त्याच जलाशयात १९८२ साली ग्वाइराचा प्रचंड धबधबा बुडाला. त्याच प्रदेशातला इग्वासूचा धबधबा, सुमारे पावणेतीन किलोमीटर रुंदीचा, राखला गेला. एक ठेवला, एक बुडविला. कोयनेकाठची माणसे पाहिलेल्या बाईंना या हिशेबाचे दोन्ही रकाने पाहावयाचे आहेत. आणि दुसरे, त्यांना महापुराची सवय असलेली माणसे पाहावयाची आहेत. त्याविषयी पुढे सांगतो.

प्रश्न ठरले, की ऋतूकडे वळावे. आमच्या समजुतीप्रमाणे आखणीतील खरा अधिकारी ऋतूच आहे. ब्राझीलचा बराचसा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथील चक्र आपल्या उलट फिरते. आपल्या कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. साव पावलोकडचे गाळप एप्रिलमध्ये सुरू होते आणि नोव्हेंबरपर्यंत चालते. म्हणजे आपले बॉयलर थंड झाले, की त्यांचे पेटतात. आपला बागायतदार मोकळा असतो त्याच दिवसांत त्यांचे शेत बोलते! उबेराबाचे प्रदर्शन मेच्या पहिल्या आठवड्यात संपते. साखळी सामने मेमध्ये चालू असतात. आणि मनाउस शहरापाशी नदीचे पाणी चढत चढत जूनच्या सुमारास कळसाला पोचते.

याउलट जुलै-ऑगस्टमध्ये गेलो असतो, तर पांतानालची विस्तीर्ण दलदल ओसरलेली असती आणि तेथील चित्त्यासारखे ठिपके असलेले जॅग्वार नदीकाठी दिसण्याचा संभव मोठा होता. परंतु आमच्यापैकी दोघांची घरे पंचगंगेच्या पूररेषेत आहेत. २०१९ साली राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते, आणि धोक्याची पातळी ४३ फूट, हे या सभागृहात कोणास सांगावयास नको. २०२१ साली पुन्हा तेच. त्या महिन्यांत घराला कुलूप लावून पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे जाणे शहाणपणाचे नव्हे. सप्टेंबरात गणपती, ऑक्टोबरात नवरात्र. अंबाबाईचे नवरात्र टाकून जावयास पाचांपैकी एकही तयार झाला नाही. अशा रीतीने मे-जून निश्चित झाले.

मे-जून ठरल्याबरोबर दोन मोठ्या गोष्टी आमच्या हातून गेल्या. पहिली पांतानाल. दुसरी ईशान्य किनारा. तेथे एप्रिल ते जुलै पावसाळा असतो, आणि प्रवासाचे दिवसही पुरत नव्हते. ईशान्य किनारा सोडताना मात्र फार जड गेले, ते सांगतो. १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी असलेले साल्वादोर तिकडे आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात जो काजू गोव्यात आणला, आणि जो आज कोकणात व आपल्या आजरा-चंदगडात घरोघर रुजला आहे, त्याचे माहेर तो किनारा. नाताल शहराजवळ एकच काजूचे झाड सुमारे आठ हजार चौरस मीटर जागा व्यापून बसले आहे. ते झाड आम्ही पाहणार नाही. वहीच्या अखेरच्या पानावर ‘सोडले’ असा मथळा देऊन ही नावे लिहिली आहेत, आणि प्रत्येकापुढे कारण लिहिले आहे. हे पान असल्यामुळे तेथे गेल्यावर कोणी “दोनच दिवस तिकडे जाऊन येऊ” असे म्हटले, तर वाद न घालता पान उघडता येईल.

आता मार्ग थोडक्यात सांगतो. पहिल्या आठवड्यात साव पावलोला उतरून दोन दिवस विश्रांती, मग उबेराबा. घड्याळात साडेआठ तासांचा फरक पडतो. शरीर ते एका रात्रीत मानत नाही. दुसरा आठवडा रिबेराव प्रेतो आणि पिरासिकाबा यांच्या भोवतीच्या ऊसपट्ट्यात; पिरासिकाबाला १९०१ साली स्थापन झालेले कृषिमहाविद्यालय आहे. तिसऱ्या आठवड्यात साव पावलोचे फुटबॉल-संग्रहालय, पेलेचे सांतोस, आणि तेथून बसने इग्वासू व इताइपू. चौथा आठवडा रिओत. पाचव्यात दोन दिवस ब्राझीलिया, २१ एप्रिल १९६० रोजी राजधानी झालेले, आखून वसविलेले शहर. आणि मग विमानाने मनाउस. सहाव्या आठवड्यात मनाउसहून बोटीने प्रवाहाबरोबर बेलेंपर्यंत, आणि परत. दर आठवड्यात एक दिवस कोरा ठेवला आहे. त्या दिवशी कपडे धुवावयाचे, पत्रे लिहावयाची आणि भांडण झाले असल्यास मिटवावयाचे.

मनाउसविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. तेथे काळ्या पाण्याची रिओ नेग्रो आणि गढूळ पाण्याची सोलिमोइस या दोन नद्या भेटतात, आणि सुमारे सहा किलोमीटर एकमेकींत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगेचा संगम ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी तोच कितीतरी पटींनी मोठा कल्पावा. तेथील नदी दरवर्षी सरासरी तीस-पस्तीस फूट चढते आणि उतरते. आपल्याकडे ज्याला आपत्ती म्हणतो, तो तेथे वार्षिक नेम आहे. वाडीला पाणी पादुकांवरून वाहिले की आपण दक्षिणद्वाराचे स्नान करतो. तेथे माणसांनी घरेच खांबांवर किंवा ओंडक्यांच्या तराफ्यांवर बांधली आहेत, आणि जंगल बुडाले की झाडांच्या शेंड्यांतून होड्या हाकतात. परंतु नेमही अलीकडे चुकू लागला आहे. २०२१च्या जूनमध्ये मनाउसला नोंदींतील सर्वांत मोठा पूर आला, आणि २०२४च्या ऑक्टोबरात नोंदींतील सर्वांत खालची पातळी. पुरासह राहावयाची सवय असलेल्यांनाही नदी ओळखू येईनाशी झाली, तर ते काय करतात? बाईंचा हा प्रश्न त्यांचा एकटीचा नाही. तो पंचगंगेच्या काठावरील आपल्या सर्वांचा आहे. बोटीवर सुमारे चार दिवस आपापली कापडी झोळी बांधून निजावयाचे असते. जूनच्या वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवले आहेत, ते या नदीच्या नावाने.

तयारीतील एका गोष्टीवर आमचा सारा प्रवास अडला होता. ती म्हणजे पीतज्वराची लस. ब्राझीलहून परतणाऱ्याजवळ या लसीचा दाखला नसेल, तर आपल्याच देशात विमानतळावर त्याला अडवून काही दिवस वेगळे ठेवतात. दाखला लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, आणि आता तो जन्मभर चालतो. परंतु साठी ओलांडलेल्यांनी ही लस डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्या वयात क्वचित गंभीर त्रास होतो. आमच्यात दोघांची साठी उलटली आहे. म्हणून तिकिटाच्या, व्हिसाच्या आणि पैशांच्या आधी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एखाद्यास नकार दिला, तर पाचही जणांनी जाणे रद्द करावयाचे, असे आधीच ठरले होते. त्या आठ दिवसांत वहीत एक ओळही लिहिली गेली नाही. दोघांनाही अनुमती मिळाली, आणि मग पुढचे पान उघडले. दूरच्या प्रवासाचा बेत करणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम ध्यानात ठेवावा: आधी देह, मग ऋतू, मग पैसा.

जेवणाची चिंता घरच्या मंडळींना फार आहे. तेथे भात आणि घेवड्याची उसळ रोजच्या ताटात असते. पुष्कळ खाणावळींत आपण हवे ते वाढून घ्यावयाचे आणि ताट तराजूवर ठेवावयाचे, वजनावर पैसे. शाकाहारी माणसाला ही सोय उत्तम. मात्र ‘कार्ने’ म्हणजे मांस हा शब्द तेथे बहुधा गोमांसापुरताच समजतात. तेवढेच वर्ज्य सांगितले तर ताटात कोंबडी किंवा डुकराचे मांस येऊ शकते. प्रत्येक जिन्नस नावाने विचारावा. उपवासाचे काय, असेही एका मातुःश्रींनी विचारले. त्यांना आम्ही सांगितले की, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. खिचडीतला शेंगदाणा, मिरची आणि बटाटा हेही त्या गोलार्धाचे. आपली एकादशी निम्मी तिकडूनच आलेली आहे!

भाषेचेही तसेच. बाई पोर्तुगीज शिकत आहेत आणि आम्हांला शिकवीत आहेत. पाव, बटाटा, चावी, बादली, पगार, अननस हे शब्द आपण गोव्याच्या वाटेने केव्हाच घेतले आहेत. एवढेच नव्हे, तर १५०० साली काब्रालचे पोर्तुगीज आरमार ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा ते निघालेले होते कालिकतला; आणि त्याच वर्षी ते पुढे कालिकतला पोचलेही. त्यांच्या आखणीत मुक्काम आपला होता. वाटेत ब्राझील सापडला. आमच्या आखणीत मुक्काम ब्राझील आहे. वाटेत आपल्याच ऊस, गाय, नदी आणि खेळ यांविषयी काही सापडते काय, ते पाहावयाचे.

 वहीत अजून काही पाने कोरी आहेत. आपल्यापैकी कोणाजवळ तिकडे विचारण्याजोगा प्रश्न असेल, तर सभेनंतर येऊन अवश्य सांगावा. स्थळाचे नाव सांगू नये, प्रश्न सांगावा. आम्ही तो उतरून घेऊ आणि उत्तर मिळाल्यास पुढील वसंतानंतर आपल्यापुढे ठेवू.